हिमोफिलिया असलेल्या लेकराला कुलदैवताला नेताना

कुलदैवताला जायचं ठरलं की घरात तारीख, गाडी आणि भक्तनिवासाची खोली यांची बोलणी सुरू होतात. मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार, असेल तर त्याआधी एक प्रश्न विचारायचा: सगळ्यात जास्त चढणं-चालणं कोणत्या दिवशी, किती वाजता? सगळी तयारी या उत्तराभोवती बसवायची असते. बहुतेक घरांत उलटं होतं. "निघायच्या आधी एक डोस देऊन टाकू, मग काळजी नाही," असं म्हणतात, आणि प्रत्यक्ष गडावर पाय ठेवताना अंगात फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, जवळजवळ उरलेला नसतो.

हे टिपण हिमोफिलिया ए, म्हणजे फॅक्टर आठची कमतरता असलेल्या मुलांना धरून लिहिलं आहे. 'बी' प्रकारात फॅक्टर नऊ लागतो आणि त्याचे आकडे वेगळे असतात. तिथे तसं सांगितलं आहे. डोसाचा अंतिम आकडा मात्र तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांकडूनच लिहून घ्यायचा.

डोस चढणीच्या दिवशी

फॅक्टर आठचं एक युनिट दर किलो वजनामागे दिलं की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. दर 8 ते 12 तासांनी ती निम्मी होते, लहान मुलांत आणखी लवकर. वीस किलोच्या, तीव्र हिमोफिलिया असलेल्या मुलाला 500 युनिट दिले, म्हणजे किलोला 25, तर पातळी पन्नास टक्क्यांच्या आसपास जाते. हा डोस शुक्रवारी रात्री आठला घरी दिला असं धरा. शनिवारी पहाटे पातळी पंचवीस, दुपारी चारच्या सुमारास बारा-तेरा, आणि रविवारी सकाळी सहाला जेजुरीची पहिली पायरी चढताना जेमतेम पाच टक्के. तोच डोस रविवारी पहाटे पाचला खोलीवर दिला, तर चढताना पातळी चाळीसच्या वर असते. औषध तेवढंच, पैसा तेवढाच. फरक फक्त वेळेचा.

म्हणून प्रतिबंधक डोस (रक्तस्राव होऊ नये म्हणून ठरलेल्या वारी देतात तो) चालू असेल तर डॉक्टरांना दोन-तीन आठवडे आधी विचारून वार बदलून घ्या. फॅक्टर नऊ अधिक काळ टिकतो, साधारण 18 ते 24 तासांनी निम्मा होतो. पण किलोला एक युनिटमागे पातळी फक्त एक टक्क्याच्या आसपास वाढते, रिकॉम्बिनंट (रक्तातून न काढता प्रयोगशाळेत बनवलेला) असेल तर त्याहूनही थोडी कमी. त्यामुळे 'ए'चा हिशोब 'बी'ला लावायचा नाही.

एमिसिझुमॅब, म्हणजे हेमलिब्रा, चालू असलेल्या मुलाला ही वेळेची कसरत नाही. ते त्वचेखाली दर आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी देतात आणि त्याचा परिणाम सारखा राहतो. पण डोक्याला मार लागला किंवा मोठा रक्तस्राव झाला तर त्यालाही फॅक्टर लागू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारून फॅक्टर सोबत हवाच. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. या औषधावर असलेल्या मुलाची एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, 'नॉर्मल' दिसते. परगावचा डॉक्टर ती बघून "रक्त व्यवस्थित गोठतंय" म्हणाला तर त्यावर विसंबू नका.

सोबत किती न्यायचा

तीन दिवसांच्या प्रवासाला आमच्या मते किमान एवढं हवं: ठरलेले प्रतिबंधक डोस, त्यावर डोक्याच्या माराचा एक पूर्ण डोस आणि सांध्यातल्या रक्तस्रावाचे दोन. वीस किलोच्या मुलासाठी डोक्याचा डोस शंभर टक्के पातळीच्या हिशोबाने 1000 युनिट होतो. सांध्यासाठी चाळीस टक्के धरले तर 400, म्हणजे व्यवहारात 500ची एक कुपी. एकूण 2000 युनिट, प्रतिबंधक डोस वेगळे.

सरकारी रुग्णालयातून फॅक्टर मोफत मिळतो, पण घरी न्यायला एवढा साठा सहज हातात पडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी खिडकीशी उभं राहिलात तर नकार ठरलेला. पंधरा दिवस आधी अर्ज द्या, त्यात गाव, तारखा आणि मुलाचं वजन लिहा, रिकाम्या कुप्या आणि वापराची वही परत आणून दाखवू असं नमूद करा. तरीही पूर्ण साठा मिळाला नाही तर सांध्याचा एक डोस कमी करा, डोक्याचा डोस कमी करू नका. तोही नसेल तर यात्रेचं ठिकाण बदला. फॅक्टर असलेल्या रुग्णालयापासून तासाभराच्या आतलं देवस्थान निवडा.

आपल्या मार्गावरची मोठी गावं आधीच हेरून ठेवा. जेजुरीहून पुणं पन्नास किलोमीटरच्या आसपास, तुळजापूरहून सोलापूर पंचेचाळीसच्या, पंढरपूरहून सोलापूर सत्तरच्या पुढे, सप्तशृंगी गडावरून नाशिक साठच्या आसपास. अंतर कळलं म्हणजे काम झालं असं नाही. त्या रुग्णालयात फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: फॅक्टर आठ आज किती युनिट शिल्लक आहे, रात्री तो कोण देतं, आणि बाहेरगावच्या रुग्णाला कोणता कागद लागतो. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन, कारण साठा आठवड्यात संपतो. हिमोफिलिया फेडरेशनच्या शाखा मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत आहेत. तिथले कार्यकर्ते बहुधा स्वतः रुग्ण किंवा रुग्णांचे पालक असतात, आणि कोणत्या रुग्णालयात खरोखर फॅक्टर मिळतो हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

थंड पेटी

फॅक्टर 2 ते 8 अंशांत ठेवायचा आणि गोठू द्यायचा नाही. प्रवासात उन्हापेक्षा बर्फानेच जास्त कुप्या वाया जातात. फ्रीझरमधून काढलेला जेलपॅक थेट खोक्याला टेकवला की आतलं औषध गोठतं, आणि गोठून वितळलेली कुपी बाहेरून बघून ओळखता येईलच असं नाही. जेलपॅक बाहेर काढून त्यावर घाम सुटेपर्यंत ठेवा, मग टॉवेलात गुंडाळून तळाला घाला, वर पुठ्ठा, त्यावर कुप्यांची खोकी, आणि मध्ये छोटा डिजिटल थर्मामीटर. लसी नेतात तसला छोटा व्हॅक्सिन कॅरियर यासाठी सगळ्यात चांगला. रुंद तोंडाचा थर्मासही चालतो.

बरेच फॅक्टर खोलीच्या तापमानालाही काही काळ टिकतात, कोणता 25 अंशांपर्यंत, कोणता 30. किती दिवस, आणि एकदा बाहेर काढल्यावर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवता येतो का, हे खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद फेकू नका. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहा. हेमलिब्राची न उघडलेली कुपी 30 अंशांखाली बाहेर ठेवता येते, पण सगळे मिळून सात दिवसांच्या वर नाही.

भक्तनिवासात फ्रीज नसतो. लॉजवरच्या छोट्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला आणि बर्फाच्या कप्प्याखाली गोठायची भीती, म्हणून कुप्या दारात किंवा मधल्या फळीवर पुढे ठेवा. विमानात पेटी कायम हातातल्या सामानात. उभ्या गाडीत पेटी ठेवून दर्शनाला जाऊ नका, चैत्र-वैशाखात बंद गाडीत औषध भाजून निघतं. आणि मंदिरात पिशव्या आत सोडत नाहीत हे आधीच धरून चला. सामानघरात उन्हाच्या फळीवर पेटी तीन तास पडून राहते. घरातल्या एकाने पेटी घेऊन बाहेर सावलीत थांबायचं आणि पाळीपाळीने दर्शन घ्यायचं.

पेटीबरोबरच्या पिशवीत 23 आणि 25 नंबरची बटरफ्लाय सुई प्रत्येकी तीन, कारण चालत्या प्रवासात तहानलेल्या मुलाची शीर पहिल्या टोचणीत सापडत नाही. शिवाय 5 आणि 10 मिलीच्या सिरिंज, फॅक्टरच्या खोक्यातल्या गाळणीच्या सुया, स्पिरिटचे बोळे, कापूस, चिकटपट्टी, टूर्निके (शीर फुगवायला दंडाला बांधायचा पट्टा), क्रेप बँडेज, रक्त थांबायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली.

कागद

डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह. त्यात आजाराचा प्रकार, तीव्रता, इन्हिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी, शरीरातच तयार झालेली प्रतिपिंडं) आहे की नाही, वजन, वापरातलं औषध, डोक्याच्या आणि सांध्याच्या रक्तस्रावाचा युनिटमधला डोस आणि रक्तगट. इन्हिबिटर असलेल्या मुलाला नेहमीचा फॅक्टर लागू पडत नाही, वेगळी औषधं लागतात. तेव्हा ही ओळ सगळ्यात वर, ठळक.

त्याशिवाय मराठीत एक छोटी चिठ्ठी करून मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे घाला. तो गर्दीत हरवला तर हीच बोलेल:

"मला हिमोफिलिया ए (तीव्र) आहे. माझं रक्त लवकर गोठत नाही. पडलो, डोक्याला लागलं किंवा सांधा सुजला तर माझ्या आईबाबांना लगेच फोन करा. मला दंडावर किंवा कुल्ल्यावर इंजेक्शन देऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. मालिश करू नका."

अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिलेल्या 21 प्रकारांत हिमोफिलिया आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. मोठ्या देवस्थानांत ज्येष्ठ आणि अपंगांसाठी वेगळी वाट असते आणि तिथे कार्ड दाखवावं लागतं. मूल धडधाकट दिसतं, म्हणून दारावरचा माणूस प्रश्न विचारणारच. कार्ड आणि पत्र पुढे करा, हुज्जत घालत बसू नका. रेल्वेची हिमोफिलियाची सवलत मात्र उपचार आणि तपासणीच्या प्रवासासाठी आहे. देवदर्शनाच्या तिकिटाचा हिशोब तिच्यावर बसवू नका.

कुठे जायचं, कसं जायचं

अष्टविनायकांत लेण्याद्री सोडला तर बाकीच्या ठिकाणी चढण फारशी नाही. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या उंच आहेत. घोट्याचा किंवा गुडघ्याचा एखादा सांधा वारंवार सुजत असेल तर तिथे पायथ्याशी नमस्कार करावा, किंवा डोलीची चौकशी करावी. सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाली आहे, ती घ्या. तुळजापूरला जाताना पायऱ्या उतरायच्या असतात आणि येताना चढायच्या. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून दमलेल्या मुलाला उतरतानाही हात द्या.

पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग कित्येक तास चालते. मुखदर्शनाची रांग लहान असते. विठोबा दोन्हीकडून तोच दिसतो. लेकरू बरोबर असताना मुखदर्शन घ्यावं. आषाढी, कार्तिकीचे दिवस टाळून साध्या वारी, शक्यतो मंगळवार-बुधवारी जावं. वारीत चालायची ओढच असेल तर पालखीबरोबर सपाट रस्त्यावरचा एखादा तास-दीड तासाचा टप्पा निवडा, त्या दिवशी सकाळी डोस द्या, आणि दिवे घाट सोडून द्या. मार्गावरच्या आरोग्य पथकांकडे फॅक्टर असेलच असं धरू नका.

मुलाला खांद्यावर बसवून गर्दीत शिरू नका. बाप अडखळला तर मूल पाच फुटांवरून डोक्यावर पडतं. लहानग्याला छातीशी बांधायचा झोळा, मोठ्याला दोन मोठ्यांच्या मधोमध चालवणं. बूट घोटा झाकणारे. देवळात अनवाणी जावं लागतं, तर जाड मोजे घाला. तापलेल्या फरशीने फोड येतात आणि ते चिघळतात. गाडीत दर दीड-दोन तासांनी उतरवून पाय मोकळे करायचे. मांडी घालून तीन तास कीर्तनाला बसणं हे नितंबाच्या सांध्याला आणि गुडघ्याला चांगलं नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसू द्या, कोणी काही म्हणत नाही.

खाण्याचं एकच बघायचं, कडक पदार्थ. लोणावळ्याला थांबून घेतलेली कडक चिक्की, कुरमुऱ्याचा आवळलेला लाडू, दाताने सोललेला ऊस, यांनी हिरडी फाटते. हलत्या दुधाच्या दाताच्या वयात हे सगळं गाडीतून बाद.

विधी

घरातल्या मोठ्यांना वाटतं की डॉक्टर देवाचं काहीच करू देणार नाहीत, म्हणून ते सांगतच नाहीत आणि विधी गुपचूप उरकतात. धोका या गुपचूप उरकण्यातच आहे. जवळजवळ प्रत्येक विधीला सुरक्षित वाट आहे.

जावळ. बाळ मामाच्या मांडीवर बसतं, न्हावी वस्तरा लावतो, बाळ मान हलवतं आणि टाळूला कापतं. इथे वस्तऱ्याऐवजी बॅटरीवरचं ट्रिमर वापरायचं, आधी घरी आणून त्याच्या आवाजाची बाळाला सवय करायची. देवापुढे कात्रीने एक बट कापून विधी पुरा करावा आणि बाकीचं ट्रिमरने घरी. आणि इथे मामाचाही विचार करा. हा आजार आईच्या बाजूने, एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे बाळाच्या मामालाही तो असू शकतो. पायऱ्यांवरून बाळाला उचलून नेण्याचा मान मामाचा असेल आणि त्याचा गुडघा आधीच धरलेला असेल, तर त्याने फक्त मांडीवर घ्यावं, उचलायचं काम दुसऱ्या कोणी करावं.

कान टोचणं. बाराव्या दिवशी सोनाराने टोचले आणि रक्त थांबेना, अशीही या आजाराची पहिली ओळख होऊ शकते. आईच्या भावाला, बाळाच्या मावसभावाला किंवा आईकडच्या आजोबांना हिमोफिलिया असेल तर बाळाचा फॅक्टर तपासल्याशिवाय कान टोचू नका. निदान झालेल्या मुलाचे टोचायचे असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फॅक्टर देऊन, रुग्णालयात.

सुंता. मुस्लिम घरांत ही गोष्ट टाळता येत नाही आणि टाळायला सांगायची गरजही नाही. मात्र ती घरी जर्राहाकडून, म्हणजे पारंपरिक सुंता करणाऱ्याकडून, कधीच नाही. आधी इन्हिबिटरची तपासणी, शल्यचिकित्सक आणि रक्तविकारतज्ज्ञ दोघे मिळून तारीख, आणि नंतरच्या दिवसांचा फॅक्टरही आधीच हातात. टाके पडल्यावर चार-पाच दिवसांनीही रक्त सुटू शकतं, म्हणून लगेच प्रवास नाही.

मुंजीत घेरा ट्रिमरने. भिक्षावळीत आणि गोतावळ्यात लोक बटूला उचलून घेतात, ते आधीच थांबवा.

लोटांगण, गुडघ्यांवर चालत जाणं, वेलांकण्णीला वाळूच्या वाटेवरून गुडघ्यांनी चर्चपर्यंत जाणं, हे मुलाकडून करून घेऊ नका. गुडघा आणि कोपर हे या आजारात सगळ्यात जास्त सोसणारे सांधे आहेत. नवस आईने बोललेला असतो, तो आईने किंवा बापाने फेडावा. देवस्थानच्या गुरुजींना विचारा, पर्याय बहुधा मिळतो: मुलाच्या नावाने अभिषेक, अन्नदान, किंवा तुला. गुळाची तुला करताना पारडं हिसका देऊन वर जातं. मुलाला आधी बसवायचं, पारडं एका माणसाने हाताने धरून ठेवायचं आणि गूळ हळूहळू चढवायचा.

उपवासाने हिमोफिलिया वाढत नाही. पण पाणी कमी प्यायलं की शिरा आत जातात आणि डोस देताना चार वेळा टोचावं लागतं. डोसाच्या आधी तासभर पाणी, ताक, लिंबूसरबत भरपूर.

वाटेत रक्तस्राव झाला तर

सांध्यातला रक्तस्राव सुजेने कळतो असं समजू नका. सूज येते तोवर उशीर झालेला असतो. त्याआधी मूल म्हणतं, "आत गुदगुल्या होतात," "गरम वाटतं," किंवा काहीच न बोलता एक पाय टेकेनासं होतं. तान्हं बाळ कपडे बदलताना रडतं आणि एक हात वापरत नाही. मोठी मुलं सहल मोडेल या भीतीने लपवतात. त्यांना निघण्यापूर्वीच शब्द द्या की सांगितलंस तर कोणी रागावणार नाही आणि आपण परतही फिरणार नाही, आधी डोस देऊ आणि बसून राहू. हा शब्द मग पाळायचा.

फॅक्टर आधी, बाकी नंतर. बाजूला सावलीत बसा. पावडरीची आणि पाण्याची अशा दोन्ही कुप्या दहा-पंधरा मिनिटं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गरम पाण्यात बुडवू नका. हात धुवा, झाकणं स्पिरिटने पुसून वाळू द्या. पाणी पावडरीच्या कुपीच्या भिंतीवरून सोडा, कुपी तळहातांत हळूच फिरवा. हलवायची नाही, हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. द्रव स्वच्छ दिसला की गाळणीच्या सुईने ओढा. शिरेत सावकाश: लहान मुलाला मिनिटाला शंभर युनिटपेक्षा जास्त नाही, म्हणजे पाचशेच्या कुपीला निदान पाच मिनिटं. सुई काढल्यावर हात न दुमडता पाच मिनिटं बोटाने दाबा. तयार केलेलं औषध तीन तासांत वापरायचं. कुपीवरचा स्टिकर वहीत चिकटवा, शेजारी वेळ आणि कारण. स्वतः शिरेत देता येत नसेल तर निघण्यापूर्वी महिनाभर तुमच्या हिमोफिलिया उपचार केंद्रात शिकून घ्या. जमलं नाही तर पेटी आणि पत्र घेऊन जवळच्या दवाखान्यात जा आणि तिथल्या परिचारिकेकडून तुमचं औषध देऊन घ्या.

मग सांधा उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज हलक्या हाताने गुंडाळा, रुमालात बांधलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. कातडीवर थेट बर्फ नाही. पुन्हा चार-सहा तासांनी. हळदीचा गरम लेप, शेक, तेल लावून चोळणं हे ताज्या रक्तस्रावात वाईट, त्याने रक्त आणखी सुटतं. दुखण्याला पॅरासिटामॉल. प्रवासात हाताशी असलेली कॉम्बिफ्लामची गोळी नाही, त्यात आयब्युप्रोफेन असतं.

गावात मूल पडलं की दवाखान्यात आधी 'टीटी'ची सुई देतात, आणि दुखतंय म्हटलं की डायक्लोफेनॅकची. दोन्ही स्नायूत जातात, आणि स्नायूत रक्त साचून दंड नाहीतर मांडी टरारते. "इंजेक्शन स्नायूत नको" हे वाक्य दारातच बोला. धनुर्वाताची लस खरोखर लागणार असेल तर बारीक सुईने त्वचेखाली, आणि नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं.

तोंडात रक्त येत असेल तर ट्रॅनेक्झामिकची गोळी चमचाभर पाण्यात कुटून, त्यात कापसाची गुंडाळी भिजवून जखमेवर दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबा, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेत तीच गोळी पोटातूनही. गिळलेल्या रक्ताने काळी उलटी किंवा काळी शी होते. ते बघून घाबरू नका, पण रक्त थांबलं आहे का ते बघा. नाकातून रक्त आलं तर मुलाला ताठ बसवून मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटं. मान मागे टाकायची नाही. लघवी लाल झाली तर ट्रॅनेक्झामिक देऊ नका, पाणी भरपूर पाजा, झोपवा आणि डॉक्टरांना फोन करा.

चार ठिकाणी मात्र बसून वाट बघायची नाही. डोक्याला मार: मूल हसत खेळत असलं तरी पूर्ण डोस तिथल्या तिथे, आणि मग सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय. स्कॅनसाठी फॅक्टर थांबवायचा नाही. मानेत किंवा गळ्यात सूज, आवाज घोगरा, गिळता न येणं. पोटऱ्या किंवा कोपराखालचा हात टणक होऊन बोटांना मुंग्या. आणि जांघेत दुखून मांडी पोटाशी आखडलेली, पाय सरळ होत नाही: हा मांडीच्या वरच्या खोल स्नायूतला रक्तस्राव असतो आणि तो अपेंडिक्ससारखा भासतो, म्हणून डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगायचं. या चारही वेळी आधी फॅक्टर, मग 108ला फोन.

अंगारा, पाहुणे आणि बोलणी

अंगारा कपाळाला लावा, भंडारा उधळा, तीर्थ द्या. औषधाशी त्यांचं काही वैर नाही. वैर एकाच गोष्टीचं आहे: "देवाला कौल लावलाय, आता महिनाभर सुई बंद." असं कोणी सांगितलं तर घरच्यांनी मिळून आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर द्यावं: "औषध चालू ठेवायची आमची शपथ आहे." वाद होत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचा मानही राहतो. सुजलेला सांधा बसवून देणाऱ्या वैदूकडे मात्र मानाखातरही न्यायचं नाही.

यात्रेत सगळं गोत जमतं आणि दोष बहुतेक वेळा आईच्या माथी येतो: माहेरचं दैवत कोपलं, कुळाचार चुकला. साधारण एक तृतीयांश मुलांत मागे कुणालाच हा आजार नसतो, जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. जिथे तो आईकडून येतो, तिथेही तिच्या हातात काही नव्हतं. हे सांगायचं काम बापाचं आहे, सगळ्यांसमोर, आईला बोलावं लागण्यापूर्वी. त्याच पंगतीत मावश्या आणि मुलाची बहीण बसलेली असते. त्यांना पाळीत फार रक्त जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, तर त्यांचाही फॅक्टर तपासायला सांगा. वाहक बाईचा, म्हणजे जिच्याकडून हा आजार मुलांत जाऊ शकतो तिचा, फॅक्टर कमी असू शकतो आणि बाळंतपणाआधी ते कळणं फार महत्त्वाचं असतं.

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला चड्डीवर उभं करून दोन्ही गुडघे, घोटे आणि कोपरं शेजारी शेजारी बघा. टेपने दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजा. एका बाजूला सेंटिमीटरभर जास्त भरला तर केंद्रात फोन करा. न वापरलेल्या कुप्यांतल्या पेटीबाहेर काढलेल्या वेगळ्या ठेवा आणि त्या आधी वापरा. रिकाम्या कुप्या, सुयांची बाटली आणि वही आठवडाभरात केंद्रात नेऊन द्या. पुढच्या वेळी पंधरा दिवस आधी केलेल्या अर्जाला ती वहीच जोडायची असते.